फाट्यापासून दोन हजार तीनशे बारा पावलं

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. हे वाक्य पूर्वी मी ताठ मानेनं म्हणायचो. परतूरला आमच्या घरमालक काकांच्या घरी सहा वर्षं काढल्यावर मात्र ते जरा खालच्या पट्टीत म्हणतो, आणि समोरचा माणूस पायाखालचं एखादं रोप दाखवायच्या आत विषय बदलतो.

घर बघायला गेलो त्याच दिवशी याची सुरुवात झाली. मी आणि बायको फाटकात उभे होतो. काका ओट्यावरून उतरून आले, हातात बंद छत्री. त्यांनी नाव, गाव, खाणंपिणं, पाहुणेरावळे यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. छत्रीचं टोक फाटकाच्या बुडाशी उगवलेल्या एका रोपाकडे केलं आणि म्हणाले, "झाडांचे सर ना तुमी? मंग हे कोन्तं?"

मी वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्यानं लागलेली नोकरी होती, बायको शेजारी उभी होती, त्यामुळे गप्प राहणं शक्य नव्हतं. मी द्विदल वनस्पतींपासून सुरुवात केली, संयुक्त पानांवर आलो, आणि कूळ बहुधा शिंबावंत असावं असं सांगून थांबलो. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तरोटा हाय. लोकं भाजी करून खातेत." कूळ बरोबर निघालं होतं, हे मी संध्याकाळपर्यंत बायकोला तीन वेळा सांगितलं. तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. मी मूळचा हसनाबादचा, शेतात वाढलेला, तरी मला तरोटा ओळखता आला नाही, एवढंच तिनं लक्षात ठेवलं आणि अजून ठेवलेलं आहे.

खोल्या मात्र मिळाल्या. काका सरकारी मोजणी खात्यातून भूमापक म्हणून निवृत्त झालेले. सगळा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेल्यामुळे माणसांचीही वर्गवारी ते सातबाऱ्यावरच्या शब्दांनी करायचे. काकू बागायत. समोरचा किराणावाला पडीक. आमच्या प्राचार्यांना एकदाच पाहिलं, आणि "अतिक्रमण" एवढंच म्हणाले. माझी नोंद पहिल्याच आठवड्यात जिरायत अशी झाली. का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पाऊस झाला तर पिकंल."

त्यांचं चालणं ही गल्लीतली रोजची करमणूक होती. काका पावलं मोजल्याशिवाय चालतच नसत. डाव्या खिशात चिंचोके असायचे. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. वाटेत कुणी रामराम केला तर काका नुसता तळहात वर करायचे, शंभरी पुरी करायचे, चिंचोका हलवायचे आणि मग वळून मनापासून रामराम घालायचे. तोपर्यंत तो माणूस पुढच्या चौकात पोचलेला असायचा. पुष्कळदा त्यांचा रामराम भलत्याच माणसाला मिळायचा आणि तो बिचारा गोंधळून हात जोडायचा.

मी तेव्हा पावलं मोजणारं घड्याळ घेतलं होतं. काकांना कौतुकानं दाखवलं. त्यांनी ते दोन दिवस मागून घेतलं आणि परत देताना सांगितलं की हे यंत्र दात घासतानाही माणसाला चालवतं. आपण रोज दहा हजार पावलं चालतो अशी माझी समजूत होती. त्यातली बरीचशी फळ्यावर आकृत्या काढताना पडत होती, हे त्या दिवशी कळलं.

छत्रीचंही तसंच. तिच्या दांड्यावर वितीवितीवर चाकूनं खाचा पाडलेल्या होत्या. भर पावसात काका भिजत यायचे आणि छत्री बंद. काकू पंचा घेऊन दारात उभ्या राहायच्या, पण छत्री उघडा असं त्यांनी कधी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मी एकदा म्हटलं. काका म्हणाले, "ही मापाची हाय सर, पावसाची न्हाई."

पण वर्षातून एक दिवस ती छत्री उघडायची, आणि त्या दिवसाची गोष्ट मला सांगायची आहे.

पोळा झाला, गौरी येऊन गेल्या, की एके सकाळी काका धुतलेला शर्ट घालून पहिल्या एस.टी.नं निघून जायचे. दुपार कलल्यावर यायचे. विजारीला कुसळं चिकटलेली, कोपरांना मुरूम लागलेला, आणि चेहरा असा की त्या दिवशी काकू भाजीत मीठ टाकायला विसरल्या असत्या तरी चाललं असतं. गल्लीत याची कुजबुज होती. किराणावाल्याचं म्हणणं होतं की काकांचं वाटूरकडे कुणीतरी आहे. हे माझ्या बायकोनं मला सांगितलं आणि मी, शिकलेला माणूस, त्यावर विश्वास ठेवून बसलो. एवढंच नाही, काकूंकडे बघताना माझ्या डोळ्यांत दया दिसू लागली असणार, कारण एक दिवस त्यांनीच मला शेंगा फोडता फोडता सरळ सांगून टाकलं. फूल बघायला जातात. एक रानफूल आहे, वाटूर फाट्याच्या पुढे कुठंतरी माळावर. दुसरीकडे कुठं दिसत नाही म्हणे. लग्नाच्या आधीपासून जातात. काकूंनी विचारलं नाही आणि काकांनी नेलं नाही. जाताना तेवीस चिंचोके मोजून नेतात, तेवढं त्यांना माहीत होतं.

आता एखाद्या शहाण्या माणसानं काकांनाच विचारलं असतं. मी हिशेब केला: फाटा ठाऊक, तेवीस चिंचोके म्हणजे तेवीसशे पावलं. एका रविवारी कुणाला न सांगता मी वाटूर फाट्यावर उतरलो, घड्याळ शून्यावर आणलं, खात्रीसाठी खिशात चिंचोकेही घेतले, आणि चालू लागलो. फाट्याला चार दिशा असतात हे मी मोजलं नव्हतं. पहिल्या दोन दिशांना डांबरी रस्ताच निघाला. तिसरीकडे तेवीसशेवं पाऊल मी एका सोयाबीनच्या शेतात बरोबर मधोमध टाकलं. तिथं मालक उभा होता.

त्यानं शांतपणे विचारलं की साहेब, रस्त्याची मोजणी करून राह्यले का. मी नाही म्हणालो, फूल शोधतोय. हे त्याला पटलं नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. त्यानं मला बांधावर बसवलं, चहा मागवला, आणि फोन करून शेजारच्या चार शेतकऱ्यांना बोलावून घेतलं. नवा रस्ता कुणाच्या रानातून जाणार हे काढून घेतल्याशिवाय ते मला सोडायला तयार नव्हते. मी ओळखपत्र दाखवलं. वनस्पतिशास्त्र हा शब्द त्यांनी आळीपाळीनं वाचला. शेवटी एकानं माझ्या हातातले चिंचोके पाहिले आणि तो हसला. हा मोजणीवाल्या काकांचा माणूस आहे, सोडा त्याला, असं म्हणून त्यानं मला फाट्यापर्यंत आणून एस.टी.त बसवलं.

मी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. काका ओट्यावर बसले होते. मी खाली मान घालून खोल्यांकडे निघालो, तर छत्री आडवी आली. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. म्हणाले, "चिंचोके चोरता येतेत सर. पाऊल कसं चोरसाल? माझं पाऊल येगळं, तुमचं येगळं." मग म्हणाले की यंदा चला. फोन मात्र काकूंपाशी ठेवून यायचा.

काकूंनी माझा फोन गव्हाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

फाट्यावरून काकांनी जी दिशा धरली ती चौथी होती. सोयाबीन संपलं, कपाशी संपली, एक कोरडा ओढा लागला आणि पलीकडे माळ सुरू झाला. उघडा, मुरमाड, घोट्याएवढं गवत, मधूनमधून सीताफळाची झुडपं. इथं काही असेल असं कुणाला वाटलं नसतं. दुर्मीळ फूल म्हटल्यावर मी आपला कमरेएवढं काहीतरी, लांबून डोळ्यांत भरणारं, असं शोधत होतो. तेवीस चिंचोके झाले, वर बारा पावलं झाली, आणि काका ओरडले, "थांबा. पाय उचलू नका."

माझ्या बुटापासून चार बोटांवर ते होतं. जमिनीला चिकटलेली मऊ लवेची पानं आणि त्यातून वर आलेलं, नखाएवढं पिवळं फूल. आत तांबड्या बारीक रेघा. ताग किंवा खुळखुळा ज्यानं पाहिला असेल त्याला ठेवण ओळखीची वाटेल, पण हे त्यांच्या पायाशी बसणारं. मी आवाज खाली आणून त्याचं कूळ सांगितलं. तेवढं मला नेहमी येतं.

सत्तरी ओलांडलेले काका त्या मुरमावर पालथे झाले. मीही झालो. मग त्यांनी छत्री उघडली आणि फुलावर धरली. उन्हात रेघा नीट दिसत नाहीत, सावलीत दिसतात, म्हणून. ते स्वतः उन्हातच होते. एकेका रोपाच्या पानाला बोट लावत ते सरकत होते आणि पुटपुटत होते. एक हद्दीचा जुना दगड होता, त्याच्या आजूबाजूलाच सगळी मंडळी. एकूण सतरा भरली. दिवाळीपर्यंत वर काही राहत नाही, काका सांगत होते. पानं वाळतात, शेंगा खुळखुळतात, मग वाऱ्यावर जातं सगळं. खाली मूळ तेवढं जागं असतं. उन्हाळाभर या माळावरून गुरं जातात, माणसं जातात, आणि पावसाळा लागला की ते पुन्हा तिथंच. तीच सतरा. कधी सोळा, कधी अठरा.

तेवढ्यात शेळ्या आल्या. मागून गयाबाई आल्या. शेजारच्या वस्तीवरच्या, काकांच्या जुन्या ओळखीच्या, दोन माणसं माळावर पालथी पडलेली बघून अजिबात न दचकलेल्या. मी संधी साधली. शोधनिबंधात स्थानिक नावाचा रकाना असतो. या फुलाला तुमच्याकडे काय म्हणतात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गवत. मी म्हटलं, गवत नव्हे, हे पिवळं. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, पिवळं गवत. शेळ्या तोंड लावत नाहीत, कडू असतं, एवढी माहिती वर दिली. ती माहिती मी कानाआड केली. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

उतरताना काकांनी एकच गोष्ट मागितली. "कोनाला सांगू नका. कॉलेजात तर बिलकुल न्हाई." मी बरं म्हणालो. मनापासून म्हणालो होतो. दोन दिवस ते मनापासूनच राहिलं.

तिसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवर एकटा गेलो, या वेळी फोन घेऊन. फोटो काढले, एका जाणत्या संशोधकांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं की फार दुर्मीळ जात आहे, या भागात तिची नोंद कुणी कित्येक वर्षांत केलेली नाही, अभिनंदन. अभिनंदन हा शब्द नोकरी लागल्यापासून मला उद्देशून कुणी म्हटलेला नव्हता. मी तो निरोप स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. आधी सहज म्हणून, मग मागणीवरून. प्राचार्यांपर्यंत गेला. दोन वर्षांनी कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार होती आणि दाखवण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. माझी बढतीही त्याच सुमाराची. उन्हाळ्यात त्या माळावर सिमेंटचे खांब आले, काटेरी तार आली, आणि निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत आलं: दुर्मीळ वनस्पती संवर्धन क्षेत्र, चराई बंद.

फीत कापायच्या कार्यक्रमाला मी भाषण केलं. त्याचं चित्रण आहे. बायकोच्या फोनमध्ये आहे आणि भांडण झालं की ती ते लावते. मी त्यात जैवविविधता हा शब्द अकरा वेळा म्हणालो आहे. श्रोत्यांच्या मागे, तारेच्या बाहेर, काका बंद छत्री घेऊन उभे दिसतात. त्यांना मी बोलावलं नव्हतं. तोंड कसं दाखवणार म्हणून बोलावलं नव्हतं. भाषण संपल्यावर कुणाला काही विचारायचं आहे का, असं मी मोठ्या मनानं विचारलं. काकांनी छत्री वर केली.

"शेळ्या कुठं जातीन?"

लोक हसले. मी त्यांना थांबवलं, विद्वानासारखा, आणि सांगितलं की शेळी हीच अशा वनस्पतींची पहिली शत्रू आहे. टाळ्या पडल्या. गयाबाई तिथंच, शेळ्यांसह, तारेपलीकडे होत्या. काका माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. सातबारा चुकीचा निघाल्यावर बघावं तसं.

त्या संध्याकाळी काकूंनी अंगणात गाठून हळूच सांगितलं की तुमची नोंद बदलली. आता बिगरशेती झालात.

त्यानंतर काका माझ्याशी बोलले नाहीत. खोल्या सोडा असंही म्हणाले नाहीत. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. रोज सकाळी माझ्या दारावरून मोजत जायचे. मी नमस्कार करायचो. ते तळहात वर करायचे, शंभरी पुरी करायचे, चिंचोका हलवायचे, आणि वळायचे नाहीत. मला एवढं लागलं की मी कॉलेजला मागच्या गल्लीतून जायला लागलो.

कुंपण झाल्यावरच्या पहिल्या भाद्रपदात मी मोजायला गेलो. काका त्या वर्षी गेले नव्हते. तारेच्या आत गवत गुडघ्याएवढं झालेलं, जोमदार, हिरवंगार. संवर्धन झालेलं स्पष्ट दिसत होतं, पण गवताचं. हातानं बाजूला सारून मला नऊ रोपं सापडली. पाऊस कमी झाला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि अहवालात सतरा लिहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या भाद्रपदात कुसळी गवत कमरेला लागलं. सकाळपासून रांगलो. कुसळांनी कपडे आणि कातडी एक करून टाकली. दोन सापडली. त्यातल्या एकाला फूल नव्हतं.

मी तिथं त्या गवतात बसलो आणि मला रडू आलं. बढतीचं पत्र आदल्या महिन्यात आलं होतं.

तारेच्या बाहेर गयाबाई उभ्या होत्या. कधीच्या बघत असाव्यात. मी त्यांना विचारलं की हे असं का झालं. त्यांना नवल वाटलं. शिकवणारा माणूस विचारत होता. "सर, गवत शेळ्या खात व्हत्या. तेला न्हाई खात, कडू हाय. गवत हटलं की तेला ऊन भेटत व्हतं. तुमी शेळ्या हटीवल्या." आणि म्हणाल्या, "काकान्नी इचारलं व्हतं की तुमाला."

मी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे अर्ज दिला. माझी शिफारस चुकीची होती, कुंपण काढावं, चराई सुरू करावी, आणि मागच्या वर्षीच्या अहवालातला आकडा खोटा आहे. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले की नोकरीत एवढी वर्षं झाली पण आपण चुकलो असा अर्ज कुणी दिलेला नाही, तो कोणत्या फायलीला लावायचा हेच कळत नाही. समिती येऊन जाऊ द्या, मग बघू. समिती हिवाळ्यात येणार होती. मी वाटूरला सरपंचांकडे गेलो. गायरान गावाचं. ते म्हणाले, तार तुम्हीच लावली, तुम्हीच काढा, आमची काही हरकत नाही, उलट बायका रोज भांडत आहेत.

तेव्हा रविवारी पक्कड घेऊन मी एकटा गेलो. काटेरी तार लावणाऱ्या माणसांना काढण्याचा विचार करावा लागत नाही, म्हणून ती तशी घट्ट असते. दुपारपर्यंत मी एक बाजू सोडवली आणि दोन्ही हात फाडून घेतले. गयाबाईंनी ते बघवेना म्हणून विळा बाजूला ठेवून मदत केली. उरलेल्या तीन बाजू आमच्या दोघांच्या म्हणायच्या, म्हणजे त्यांच्या. पाटी तेवढी मी स्वतः उपटली. शेळ्या माझ्या अंगावरून आत गेल्या. समिती आली तेव्हा तिथं गवत खाणाऱ्या शेळ्या होत्या, आणि कॉलेजला त्याचे गुण मिळाले नाहीत. मला एक लेखी समज मिळाली. ती मी जपून ठेवली आहे, कारण त्या सगळ्या प्रकरणात माझ्या नावावरचा तेवढाच खरा कागद.

तार काढून आलो त्या संध्याकाळी हातांना पट्ट्या बांधून मी खोलीच्या दारात बसलो होतो. काका त्यांच्या खुर्चीतून उठले आणि मोजत माझ्या दाराशी आले. सतरा पावलं. दीड वर्षानं बोलले. पट्ट्यांबद्दल काही नाही, तारेबद्दल काही नाही. म्हणाले, "त्या माळाची मोजणी म्याच केल्ती. नवा नवा व्हतो नोकरीत. पोटखराब लिव्हलं. इथं काई उगवत न्हाई म्हून सही केली. आन् मंग दगडावरची खूण पाह्याला पालथा पडलो, तर नाकासमोर हे." माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "सही तर होऊन गेल्ती. तवापून मोजून राह्यलो."

एवढं बोलून मोजत परत गेले. दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं की तुम्हाला पुन्हा जिरायतात घेतलंय.

पुढच्या भाद्रपदापर्यंत काकांचा गुडघा गेला. फाट्यापर्यंत एस.टी.नं जाणं जमलं असतं, पण पुढचं चालणं शक्य नव्हतं, आणि मोटरसायकलवर बसायला ते तयार नव्हते. चाकाला पाऊल नसतं म्हणाले. गौरी गेल्या आणि एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. गल्लीत खडूनं एक रेघ मारली होती, लांब दुसरी मारली होती. मधलं अंतर काकांची शंभर पावलं. ते खुर्चीवर बसले आणि मला चालायला लावलं. नेहमीसारखं चाला, सर, परीक्षेसारखं नको. किराणावाला दुकान सोडून बघायला आला. मी तीन वेळा गेलो-आलो. माझी एकशे एकोणीस भरली.

"तोकडं हाय पाऊल," काका म्हणाले. त्यांनी वहीत गुणाकार केला. त्यांची दोन हजार तीनशे बारा म्हणजे माझी दोन हजार सातशे एक्कावन्न. त्यांनी मला सत्तावीस चिंचोके मोजून दिले, वर एक जास्तीचा, मी चुकेन म्हणून. मग छत्री दिली. ती हातात घेताना मला काय वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही; सांगायला पाहिजे होतं. फोन मी होऊनच काकूंकडे दिला.

फाट्यावरून निघालो तोच सोयाबीनवाल्यानं मला ओळखलं आणि हाक मारली. मी तळहात वर केला, शंभरी पुरी केली, चिंचोका हलवला आणि वळून रामराम घातला. तो खो खो हसत होता.

दुपारी परत आलो तेव्हा काका ओट्यावर बसून होते. सकाळपासून जेवले नाहीत असं काकूंनी खुणेनं सांगितलं. मी छत्री त्यांच्या मांडीवर ठेवली. खोटं सांगायची सवय मला लागून गेली होती, पण त्या दिवशी आकडा आपोआप खरा आला. सहा, म्हणालो. काकांनी मान हलवली. मी म्हटलं, अजून एक आहे, पण खात्री नाही. नुसती पानं आहेत, फूल नाही. मी ते धरलं नाही.

काका पुढे झुकले. "दगडाच्या उगवतीला?"

"हो."

"ती दर साली लेट येती. तिला धरा."

सात झाली. काका जेवायला बसले.

त्या माणसाला एकेक रोप ठाऊक होतं, आणि मी त्यालाच जैवविविधता शिकवायला गेलो होतो. पुढच्या उन्हाळ्यात माझी जालन्याला बदली झाली. काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. काकूंनी छत्री एका येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नव्हती, चिंचोके होते. मी वर्षातून एकदा वाटूर फाट्यावर उतरतो. शेजारी विचारतात की सर दरवर्षी कुठे जातात, आणि बायको त्यांना शेंगा फोडता फोडता काहीतरी सांगते. पाऊल लांब टाकायचा मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला. अजून सत्तावीस चिंचोके आणि वर एक्कावन्न लागतातच.

गेल्या भाद्रपदात गयाबाईंच्या शेळ्यांमागून गेलो. पालथा पडलो, छत्री उघडली, बोट लावत मोजली. अकरा होती. दगडाच्या उगवतीला नुसती पानं होती, फूल नव्हतं.

मी बारा धरली.